बॉक्सची उणीव गेनने भरत नाही

ग्राहकाला बास कमी वाटला की आपला हात आधी अ‍ॅम्पच्या गेनकडे जातो. व्हॉइस कॉइल जळण्याची पुष्कळ प्रकरणे इथून सुरू होतात आणि त्यांचे मूळ बॉक्स निवडताना झालेल्या चुकीत सापडते. वूफर आणि बॉक्स यांचे नाते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात गणितात मांडले. त्यांचेच आकडे आज वूफरच्या माहितीपत्रकात छापलेले असतात. वूफरच्या अनुनाद वारंवारितेला (एफएस) त्याच्या विद्युत क्यूने (क्यूईएस) भागावे. उत्तर ५०च्या आसपास आले तर सील्ड बॉक्स, १००च्या आसपास आले तर पोर्टेड, अधेमधे आले तर दोन्ही चालतात. खालच्या सुरांत सील्डचा आवाज दर सप्तकाला सुमारे १२ डीबीने उतरतो, पोर्टेडचा २४ने. गाडीची बंद केबिन मात्र याच सुरांना उचलून धरते, म्हणून लहान हॅचबॅकमध्ये डिकीची जागा वाचवणारा सील्ड बॉक्सही भरपूर खोल वाजतो. पोर्टेड बॉक्स पोर्टच्या ट्यूनिंग वारंवारितेजवळ जास्त आवाज देतो, पण त्याखाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तिथे सबसॉनिक फिल्टर लावलाच पाहिजे.

बॉक्स ठरल्यावरच गेनकडे वळावे. स्टिरिओकडून येणाऱ्या व्होल्टेजला अ‍ॅम्पने पूर्ण ताकदीचा प्रतिसाद कुठे द्यायचा, एवढेच गेन ठरवतो. अ‍ॅम्पची ताकद त्याने वाढत नाही. ४ ओहमवर ५०० वॉट हवे असतील तर दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ४४.७ व्होल्ट, हे लक्ष्य. २ ओहमवर तेच ३१.६ होते. वूफर सोडवून, बास बूस्ट बंद करून, स्टिरिओचा व्हॉल्यूम ठरवलेल्या कमाल मर्यादेवर ठेवून, ५० हर्ट्झचा ० डीबीचा टोन लावून मल्टिमीटरवर हा आकडा गाठावा. क्लिपिंग, म्हणजे लहरीची शिखरे कापली जाणे, मल्टिमीटरला दिसत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप हवा. तेवढ्याच उंचीच्या साइन लहरीच्या तुलनेत पूर्ण चौकोनी झालेली लहर कॉइलमध्ये दुप्पट शक्ती ओतते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की गाणी टोनइतक्या वरच्या पातळीवर सतत वाजत नाहीत, त्यामुळे मोजून लावलेला गेन मंद वाटतो. यात तथ्य आहे. त्यासाठी ० डीबीऐवजी उणे ५ डीबीचा टोन वापरता येतो. मात्र मोठ्या पातळीवर ध्वनिमुद्रित झालेली गाणी तेव्हा शिखरांवर क्लिप होतील, हे ग्राहकाला सांगावे. दुसरा आक्षेप, ग्राहकाला आवाजच हवा असतो. पण शक्ती दुप्पट केली तरी वाढ फक्त ३ डीबीची, आणि ती कानाला जेमतेम जाणवते. ट्यूनिंगच्या आसपास एवढी किंवा त्याहून अधिक वाढ योग्य पोर्टेड बॉक्स कॉइलवरचा भार न वाढवता देऊ शकतो. म्हणून आमचा आग्रह आहे की प्रत्येक जॉबकार्डवर बॉक्सचे निव्वळ लिटर, ट्यूनिंग, स्टिरिओच्या व्हॉल्यूमची मर्यादा आणि मोजलेले व्होल्ट या चार नोंदी असाव्यात. वूफर जळून आला तर वाद घालावा लागणार नाही. कारण कुठे शोधायचे, हे कागदच दाखवेल.