गट पाडले, पुढे काय?

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि पदवीच्या मुलांच्या वाट्याला क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग अशी वर्गाबाहेरची कामे आली. अशा कामाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरले जातात. रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यासारख्या ठिकाणी अभ्यासाला विषयांची वाण नाही. तळगड आहे, कुड्याची लेणी आहेत, मांदाडची खाडी आहे, मुंबईला गेलेल्या माणसांची बंद घरे आहेत. काम एकट्याचे नव्हे म्हणून चार-सहा जणांचे गट पाडले जातात. आमचा आक्षेप गटांना नाही. गट पाडल्यावर त्यांना वाऱ्यावर सोडले जाते, त्याला आहे.

मग जे होते ते प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. दोघे राबतात, बाकीच्यांची नावे मुखपृष्ठावर येतात. ज्याच्याकडे लॅपटॉप, त्याच्या गळ्यात सगळे टायपिंग. अहवाल मुलींनी लिहायचा आणि सादरीकरणाला पुढे मुलांनी उभे राहायचे, हे न ठरवताच ठरते. शेवटची एसटी चुकली तर घरी पोहोचायचे कसे, या धास्तीने जी मुलगी चारनंतर थांबू शकत नाही, ती ‘कामात नसते’ म्हणून बदनाम होते. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर निर्णय होतात आणि वाडीवर रेंज नसलेल्याला ते दुसऱ्या दिवशी कळतात. सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच. आदिवासी वाडीतला मुलगा गटात असला की सर्वेक्षणासाठी त्याची ओळख, त्याची बोली, त्याचा चहा सगळे कामाला येते. निष्कर्ष लिहिताना मात्र त्याला कोणी विचारत नाही. शेवटी गुण सगळ्यांना सारखे.

महाविद्यालयांत वागणुकीचे नियम नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघेही देतात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते. हे नियम हवेतच. पण ते काय करू नये एवढेच सांगतात. एकत्र काम कसे करावे, याबद्दल अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशी कोणी बोलत नाही. ते त्यांना आपसूक जमेल, असे आपण गृहीत धरले आहे.

आपसूक ते कुठेच जमत नाही. कोकणात लावणीला सावड चालते. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. त्याचा कागद नसतो, पण हिशेब पक्का असतो. किती माणसे आली, किती दिवस फेडायचे, आजारी पडलो तर घरातले कोण जाईल, हे सगळ्यांना माहीत असते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या घरांना ते तोंडी पेलते. निरनिराळ्या गावांतून आलेल्या, महिनाभरापूर्वी एकमेकांचे नावही माहीत नसलेल्या मुलांना ते पेलणार नाही. त्यांनी ते बोलून, लिहून ठरवले पाहिजे.

म्हणून आमची मागणी आहे की, प्रकल्पाचा विषय मंजूर होण्याआधी प्रत्येक गटाने एका पानाचा करार लिहावा. मराठीत लिहावा, स्वतः लिहावा. त्यात काय ठरवायचे? भेटायचे कधी आणि कुठे, तर शक्यतो महाविद्यालयाच्या वेळेत. निरोप किती वाजेपर्यंत पाठवायचे. क्षेत्रभेटीला मुलींना एकटे पाठवायचे नाही. कोणाचे मत बाजूला ठेवले तर त्याचे कारण त्याला सांगायचे. काम अडले तर सरांकडे किंवा मॅडमकडे कधी जायचे. आणि घरी लावणी असेल, कोणी आजारी असेल, तर आधी कळवायचे, म्हणजे वाटणी बदलता येईल; कळवणाऱ्याला कामचुकार म्हणायचे नाही. हे छापील फॉर्मवर उतरले तर झेरॉक्सच्या दुकानात सह्या होतील आणि विषय संपेल. भांडण व्हायचेच तर ते करार लिहिण्याआधीच्या तासाभरात व्हावे, सादरीकरणाच्या आदल्या रात्री नव्हे.

अहवालाच्या शेवटी कोणी काय केले तेही नावानिशी यावे. कुड्याच्या लेण्यांतले शिलालेख पाहा. तिथे महाभोज या राज्यकर्त्यांच्या घराण्यातली माणसे आहेत, तसेच वैद्य आहे, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. प्रत्येकाच्या दानाची नोंद त्याच्या नावाने दगडात कोरलेली आहे. प्रकल्प करायला तिथे जाणाऱ्या मुलांनी एवढे तरी तिथून घ्यावे. मौखिक परीक्षेत त्या नोंदीवर प्रत्येकाला प्रश्न विचारावेत आणि काही गुण व्यक्तिगत ठेवावेत. सरसकट समान गुण राबणाऱ्याला न्याय देत नाहीत, आणि मागे राहिलेल्याला शिकायची संधीही देत नाहीत.

यात खरी अडचण मुलांची नाही. गटाशी तासभर बसायला शिक्षक हवा. ग्रामीण महाविद्यालयांत अनेक विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सांभाळतात. त्यांना मानधन वर्गातल्या तासिकेचे मिळते. वाडीवर मुलांबरोबर घालवलेली दुपार कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. विद्यार्थ्याच्या 30 तासांची मोजणी धोरणाने केली. मार्गदर्शकाचे तासही विद्यापीठाने आणि उच्च शिक्षण विभागाने कार्यभारात धरावेत आणि त्यांचे मानधन द्यावे.