वेशीच्या आंतलें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणें ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. सरकारी नोकरींत बदलीचा हुकूम आला कीं पाटा-वरवंट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत सर्व संसार बांधून आमच्या आज्या-पणज्या धुळ्याहून सोलापुरास आणि सोलापुराहून रत्नागिरीस जात. गांव नवें असे; पण भाषा, बाजार आणि देऊळ हीं परकीं नसत. परदेशांतील लष्करी तळावर सहकुटुंब जाण्याचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. तेथें देश परका असतो, परंतु तळाच्या वेशीच्या आंत सर्व कांहीं जाणाऱ्याच्या स्वतःच्या देशाचें असतें. या उलटेपणांतच त्या बिऱ्हाडाची सोय आहे आणि त्याचा धोकाहि आहे.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. पुण्याच्या एका वाचक-भगिनींचे जांवई अमेरिकेंतच जन्मलेले असून तेथील आरमारांत इंजिनियर आहेत. त्यांस जपानांतील योकोसुका येथील तळावर नेमणुकीचा हुकूम झाला आहे. मुलगी अमेरिकेंत वकिली करते. नात पंधरा वर्षांची असून नातू आठ वर्षांचा आहे. “जांवईबापूंनीं एकट्यानें जावें, कीं सर्वांनीं मिळून जावें?” असा या मातोश्रींचा प्रश्न आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींचीं मुलें आतां तेथील सैन्यांतहि दिसूं लागलीं असल्यामुळें हा प्रश्न एका घरचा राहिलेला नाहीं.

अशा तळांचा इतिहास थोडक्यांत असा. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपल्यावर जर्मनी व जपान या देशांत अमेरिकेचें सैन्य राहिलें, आणि १९४६ सालीं त्या सैनिकांचीं बायकामुलें घेऊन आगबोटी ब्रेमरहाफेन आणि योकोहामा या बंदरांस लागूं लागल्या. त्याच वर्षीं त्या मुलांसाठीं अमेरिकन सरकारनें परदेशांत शाळा उघडल्या. आज त्या खात्याच्या स्वदेशांतील व परदेशांतील मिळून सुमारें १६० शाळा आहेत. योकोसुका हें टोकियोच्या उपसागराच्या मुखाजवळचें जपानी आरमाराचें जुनें ठाणें. १९४५ पासून तेथें अमेरिकेचें आरमार आहे, आणि १९७३ सालापासून अमेरिकेच्या एका विमानवाहू नौकेस तेथें कायमचें ठाणें देण्यांत आलें आहे. वेशीच्या आंत घरें, शाळा, रुग्णालय, वाणसामानाचें दुकान, टपाल कचेरी सर्व आहे. व्यवहार डॉलरांत चालतो. गृहिणीनें मनांत आणलें तर तीन वर्षांत जपानी भाषेचा एकहि शब्द न उच्चारतां तिचा संसार निर्वेध चालेल.

आतां तयारीची बाजू. पहिली गोष्ट ही कीं, नुसतें तिकीट काढून कुटुंबानें मागोमाग जाणें हितावह नाहीं. कुटुंबास तेथें राहण्याची रीतसर मंजुरी लागते. तिला ‘कमांड स्पॉन्सरशिप’ म्हणतात. ती हातीं असेल तरच प्रवासखर्च, घर, शाळा यांचे हक्क नीट मिळतात. मंजुरीपूर्वीं घरांतील प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते, आणि एखाद्यास लागणारा उपचार त्या तळावर मिळण्यासारखा नसेल तर मंजुरी नाकारली जाते. ही तपासणी म्हणजे केवळ उपचार समजून कोणीं दुखणें लपवूं नये; परमुलुखांत पोहोंचल्यावर तें उघडें पडलें तर हाल त्या रुग्णाचेच व्हावयाचे. औषधांविषयीं विशेष जपावें. मुलांच्या चंचलतेवर अमेरिकेंत सर्रास दिलीं जाणारीं कांहीं उत्तेजक औषधें, विशेषतः ॲम्फेटामीनयुक्त, जपानांत कायद्यानें निषिद्ध आहेत. वैद्याची चिठ्ठी जवळ असली तरी तीं नेतां येत नाहींत. घरांत कुत्रें किंवा मांजर असेल तर त्याची तयारी सर्वांच्या आधीं सुरू करावी. त्यास ओळखीची चकती टोंचून घेणें, पिसाळरोगाची लस दोनदां देणें, रक्ताची परीक्षा करणें आणि त्यानंतर १८० दिवस थांबणें असा जपानचा नियम आहे. हुकूम हातीं पडल्यावर जागें होणारांस हे सहा महिने सांपडत नाहींत.

सामान दोन खेपांत जातें. थोडें सामान लवकर पोहोंचतें, मोठें समुद्रमार्गें मागून येतें व त्यास महिना-दोन महिने सहज लागतात. तेव्हां स्वयंपाकाचीं रोजचीं चार भांडीं, मसाल्याचा डबा, मुलांचे शाळेचे दाखले आणि देव हे पहिल्या खेपेंत किंवा हातींच असावे. जपानांत विजेचा दाब १०० व्होल्ट असतो. आजीनें पुण्याहून प्रेमानें पाठविलेलें २३० व्होल्टांचें मिक्सर तेथें निरुपयोगी ठरेल. नेमणुकीची मुदत सामान्यतः एकट्यास दोन वर्षें व सहकुटुंब गेल्यास तीन वर्षें असते, आणि आमच्या भगिनींच्या प्रश्नाचें खरें गणित याच दोन आंकड्यांत आहे. सर्वच तळांवर अशी निवड नसते हेंहि सांगितलें पाहिजे. हिंदी महासागरांतील दिएगो गार्सिया येथें सैनिकांस कुटुंब नेतांच येत नाहीं; त्या द्वीपसमूहांतील मूळ रहिवाशांचींच बिऱ्हाडें १९६८ ते १९७३ या काळांत तेथून उठविण्यांत आलीं.

असा तळ वेशीच्या बाहेरून कसा दिसतो हें आम्हां मराठी माणसांस पुस्तकांतून शिकण्याची गरज नाहीं. १८१७ सालीं खडकीची लढाई झाली आणि तिच्यामागोमाग पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली. शहराच्या तोंडीं तिचें नांव ‘लष्कर’ असें पडलें, आणि जुन्या पुणेकरांच्या तोंडीं तें अद्यापहि आहे. त्या लष्करांत गोऱ्या सैनिकांचीं व अधिकाऱ्यांचीं कुटुंबें आलीं. त्यांचीं दुकानें, त्यांचीं प्रार्थनामंदिरें, त्यांचे बगीचे झाले. परंतु त्यांतील कित्येक बायका वर्षानुवर्षें येथें राहून खानसामा, आया आणि धोबी यांपलीकडे एकाहि देशी माणसास न ओळखतां परत गेल्या. देवळालीच्या छावणींत स्वदेशीं जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सैनिकांस इतके महिने काढावे लागत कीं, त्या गांवाच्या नांवावरून भ्रमिष्टपणास ‘डुलाली’ हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. ज्या भूमीशीं कांहींच नातें जडलें नाहीं, तेथें रिकामा वेळ माणसास असा खाऊं लागतो.

त्या काळीं हिंदुस्थानांतील इंग्रज कुटुंबांची दुसरी व्यथा मुलांची. शाळेचें वय झालें कीं त्यांस विलायतेस धाडावें असा प्रघात होता. १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेले रड्यार्ड किप्लिंग यांस १८७१ सालीं, वयाच्या सहाव्या वर्षीं, लहान बहिणीसह इंग्लंडांत परक्यांच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि त्या वर्षांचें दुःख त्यांनीं पुढें कथारूपानें लिहून ठेविलें. १९४६ सालीं तळावरच शाळा निघाल्या यानें हें दुःख टळलें, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु मुलांच्या वाट्यास दुसरें कांहीं आलेंच. रूथ यूसीम या अमेरिकन विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांत राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करतांना अशा मुलांस ‘तिसऱ्या संस्कृतीचीं मुलें’ असें नांव दिलें. आईबापांची संस्कृति एक, यजमान देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्यें वाढणाऱ्या मुलांची तिसरी. अशीं मुलें कोठेंहि चटकन् मिसळतात, मात्र “तुझें गांव कोणतें?” या साध्या प्रश्नास त्यांच्याजवळ साधें उत्तर नसतें. आमच्या भगिनींच्या नातवंडांस तर मराठी आजोळाचीहि एक बाजू आहे. तीं या प्रश्नाच्या उत्तरांत पुण्याचें नांव घेतील किंवा नाहीं, हें आजीच्या आठवड्याच्या संभाषणावर पुष्कळ अवलंबून राहील.

मुलांपेक्षांहि ज्या व्यक्तीचा विचार अशा वेळीं कमी होतो ती म्हणजे गृहिणी. तिची वकिलीची सनद अमेरिकेंतील एका संस्थानाची आहे. जपानांत तिचा उपयोग नाहीं. सैनिकाची पत्नी म्हणून मिळालेल्या दर्जावर यजमान देशांत परवानगीवांचून वाटेल ती नोकरीहि धरतां येत नाहीं. तळावरील शाळा, दुकानें व कचेऱ्या यांत कांहीं जागा असतात, पण उमेदवार पुष्कळ. म्हणजे तीन वर्षांच्या सहवासाची किंमत मुख्यतः ती एकटी भरणार. ती भरण्यास तिची आनंदानें तयारी असेल तर आमची हरकत नाहीं. पण “बायकोनें जावयाचेंच असतें” असें गृहीत धरून ती तिच्या माथीं मारणें हा अन्याय होय. सनदेची वार्षिक वर्गणी चालूं ठेवावी. दूर राहून जुनें काम करतां येईल काय हें कचेरीस विचारावें, आणि त्यास तळावरील कायदेविषयक कचेरीची संमति लेखी घ्यावी. म्हातारपणाच्या तरतुदींत तिची जी रक्कम पडत होती ती या तीन वर्षांत पतीच्या पगारांतून तिच्या नांवें पडत राहावी. हा हिशेब प्रेमास बाधक नाहीं. पुढें मनांत सलणाऱ्या गोष्टी तो आधींच मिटवितो.

आणखी एक गोष्ट फार थोडे आधीं बोलतात. एकत्र राहण्यासाठीं म्हणून सर्वांनीं जावें, आणि जहाज निघालें कीं पतिराजांनीं वर्षांतील कित्येक महिने समुद्रावर असावें, असें आरमारांत घडतें. जांवईबापूंची नेमणूक जहाजावर आहे कीं किनाऱ्यावरील कारखान्यांत, हें प्रथम विचारून घ्यावें. जहाजावर असेल तर परमुलुखांत संसार ओढण्याचा भार पत्नीवर आहे असें धरूनच चालावें. संकटें सांगून येत नाहींत. २०११ सालच्या मार्च महिन्यांत जपानांत भूकंप, समुद्राची लाट आणि फुकुशिमा येथील अणुविद्युत्-केंद्राचा अपघात अशीं एकामागून एक संकटें कोसळलीं, तेव्हां सैनिकांच्या कुटुंबांपैकीं हजारों माणसें अल्पावधींत देशाबाहेर नेण्यांत आलीं. म्हणून पासपोर्ट, औषधें, मुलांचे कागद आणि थोडी रोकड यांची एक पिशवी दाराशीं बांधलेली असणें हा तेथें गृहधर्मच समजावा.

आमचें मत विचाराल तर सर्वांनीं मिळून जावें. पंधरा वर्षांच्या नातीस आतां नेलें तर तिचीं शाळेचीं शेवटचीं तीन वर्षें एकाच शाळेंत पुरीं होतील. वर्ष-दीड वर्षानें नेलें तर ऐन परीक्षेच्या वेळीं तिची घडी मोडेल. परंतु तिला आपल्या मैत्रिणी सोडावयाच्या आहेत, म्हणून निर्णय सांगण्याआधीं तिला विचारावें, आणि ती रडली तर रडूं द्यावें. आईच्या कामाची व्यवस्था आधीं लेखी व्हावी. नेमणूक कोठली हें आधीं कळावें. या गोष्टी न जुळल्या तर जांवईबापूंनीं दोन वर्षें एकट्यानें काढावीं. त्यांत कोणाचीहि नाचक्की नाहीं.

आणि जाणें ठरलें तर वेशीबाहेर पडण्याची संवय पहिल्याच आठवड्यापासून लावावी. दर आठवड्यास एकदां तरी भाजी तळाच्या दुकानांतून न घेतां गांवच्या बाजारांतून आणावी. मुलांनीं तेथें मोजण्यापुरते जपानी आंकडे शिकावे. योकोसुका शहर १९९९ सालापासून स्वतःस ‘करीचें गांव’ म्हणवितें. जपानी आरमारानें इंग्रजी आरमारापासून उचललेली ती आमची आमटी-भाताचीच दूरची नातलग होय. तिच्या निमित्तानें एखाद्या शेजारणीशीं ओळख होण्यास अवघड काय? शेजाऱ्यांच्या मनांत काय आहे हेंहि मुलांस कळूं द्यावें. जपानच्या भूमीपैकीं ओकिनावाच्या वाट्यास ०.६ टक्के भूमि येते. पण अमेरिकन सैन्याच्या खास ताब्यांत दिलेल्या जपानांतील जागेपैकीं सुमारें ७० टक्के जागा तेथें आहे, आणि विमानांचा कल्लोळ व सैनिकांचे गुन्हे यांविरुद्ध तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें गाऱ्हाणीं मांडलीं आहेत. लष्कराच्या शेजारीं पिढ्यान्पिढ्या नांदलेल्या शहराची लेक वेशीच्या आंत राहावयास चालली आहे. बाहेरच्या माणसास आंतलीं माणसें कशीं दिसतात हें तिला सांगावयास नको. तिनें तें तेवढें विसरूं नये.