पेशीची उपासना

गेल्या आषाढांत आमच्या सातारच्या घरीं एक प्रश्न उभा राहिला. तो इतर घरांतहि उभा राहत असेल, म्हणून येथें मांडतों. आमच्या थोरल्या बंधूंची नात सांगलीस विलिंग्डन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकते. पदवी मिळतांच मुंबईकडे जाऊन पेशींचें संशोधन करावयाचें, असें तिनें सांगितलें. बंधु म्हणाले, "वैद्यक शीक, चार रोगी बरे करशील. उंदरांचे रोग पाहून कोणाचें भलें होणार?" निर्णय आमच्यावर सोंपविण्यांत आला.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. म्हणून नातीकडूनच पुस्तकें मागविलीं. त्यांत कमलबाई रणदिवे यांचें चरित्र भेटलें.

कमलबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यास झाला. माहेरचें आडनांव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें वैद्यक शिकावें व डॉक्टर पति वरावा, अशी त्यांचीहि इच्छा होती! कमलबाईंनीं वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतलें, आणि १९३९ सालीं गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशीं विवाह केला. पतीनें पुढील अभ्यासास साह्यच केलें. मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं काम करून १९४९ सालीं त्या पीएच. डी. झाल्या. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्यापाशीं शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या त्या शिकल्या. गाय यांच्याच प्रयोगशाळेंत १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नामक स्त्रीच्या अर्बुदांतील पेशी अखंड वाढत्या ठेवतां आल्या. ती बाई त्याच वर्षीं वारली. तिच्या पेशी अद्यापि वाढत आहेत. स्वदेशीं परतल्यावर कमलबाईंनीं मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें तशी प्रयोगशाळा उभारली.

पेशी म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सहज उमजेल. प्रत्येकानें वांट्याचें काम करावें, वांट्याचें खावें, आणि मर्यादा राखावी, तेव्हां घर चालतें. कर्करोगाची पेशी मर्यादा सोडते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनीं शंभर वर्षांपूर्वीं दाखविलें कीं, प्राणवायु भरपूर असतांहि ती पुष्कळशी साखर अर्धवटच जाळते व अधिकाधिक साखर ओढून घेते. रोगाचा शोध घेण्यासाठीं आज जें छायाचित्र काढतात, त्यांतील एक प्रकार पेशीच्या या हांवरेपणावरच आधारलेला आहे.

आतां उंदरांविषयीं. जॉन बिटनर यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें कीं, उंदरांतील स्तनाच्या कर्करोगास कारण होणारा एक घटक आईच्या दुधांतून पिलांत जातो. तो पुढें विषाणु ठरला. मनुष्यांत असें सिद्ध झालेलें नाहीं; मातांनीं भय बाळगूं नये. कमलबाईंनीं उंदरांवरच काम करून संप्रेरकें, विषाणु आणि रोगप्रवणता यांचा संबंध शोधिला. १९७३ सालीं स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. १९८२ सालीं पद्मभूषण मिळालें. त्यांच्या संस्थेचें कार्य आज नवी मुंबईंत खारघर येथें चालतें.

हें सारें आम्हीं बंधूंस वाचून दाखविलें. नंतर एक गोष्ट बोलावी लागली, जी आमच्या घरांत कोणी बोलत नाहीं. आमच्या वहिनींनीं स्तनांतील गाठ लाजेपायीं वर्षभर लपविली. सांगलीस रुग्णालयांत नेलें तेव्हां डॉक्टर निष्णात होते, पण वेळ गेलेली होती. आम्हीं विचारलें, "दादा, त्या वेळीं डॉक्टरांची उणीव होती काय? त्यांच्या हातीं द्यावयाचें ज्ञान कोणी तरी आधीं मिळवावें लागतें." दादा पुष्कळ वेळ ओसरीवर बसून राहिले. संध्याकाळीं नातीस जवळ बोलावून म्हणाले, "जा. पण मुंबईच्या खर्चाचा हिशेब मजपाशीं दे."

वाचक भगिनींस एकच विनंति. अंगावर गाठ लागली, तर ती लपवूं नका. त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवा. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस सांगणें असें कीं, मुलगी उंदरांच्या रोगांविषयीं बोलूं लागली, तर हंसण्यापूर्वीं तिचें पुरतें ऐकून घ्यावें. आम्हीं ऐकलें, त्याचा आम्हांस संतोष आहे.