जुन्या ट्रकाचा गिअरबॉक्स : ओळख आधीं, बदल मागाहून

यंत्राचा एखादा भाग कुरकुरूं लागला कीं तो काढून टाकावा व दुसरा बसवावा, हा उपाय हल्लीं सर्वांच्या तोंडीं बसला आहे. नव्या यंत्राच्या बाबतींत तो पुष्कळ वेळां योग्यहि ठरतो. परंतु ज्या यंत्राचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे आणि जें चार हातांतून फिरलेलें आहे, त्याच्या बाबतींत "हा भाग नेमका कोणता?" या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत पाना हातीं धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें लिहिण्यास निमित्त झालें तें एका पत्राचें. अमेरिकेंत ओहायो राज्यांत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याकडून १९५१ सालचा शेव्हरोले ३१०० जातीचा पिकअप ट्रक घेतला आहे. पुढें बसण्याची खोली व मागें उघडा हौदा असलेल्या लहान मालमोटारीस तिकडे पिकअप म्हणतात. ट्रक शेतकऱ्याच्या वडिलांचा. "त्याचें मूळचें अंग शक्य तों बदलणार नाहीं" असें वचन देऊन आमच्या शिष्यानें तो घेतला. आतां गिअरबॉक्समधून घरघर ऐकूं येते, गॅरेजवाला "गिअरबॉक्स गेला" म्हणतो, आणि पाऊण टनाच्या १९५३ सालच्या ३६०० ट्रकाचा जुना गिअरबॉक्स विकत घ्यावा कीं काय, असें तो विचारतो. वचन एकीकडे आणि बरीच मोठी रक्कम दुसरीकडे, असा हा पेंच आहे. आम्ही यंत्रज्ञ नव्हों. परंतु निवृत्तीनंतर जुन्या मोटारींच्या दुरुस्तीचीं पुस्तकें वाचण्याचा नाद आम्हांस जडला आहे, त्या बळावर चार शब्द लिहितों.

या घराण्याचे ट्रक १९४७ च्या उन्हाळ्यांत बाजारांत आले व १९५५ पर्यंत निघत होते. शेव्हरोले हें नांव आपल्याकडेहि परकें नव्हतें. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें जुळणीचा कारखाना काढला होता व तो १९५४ पर्यंत चालला.

प्रथम निदान. इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि क्लचचा पायटा दाबून व सोडून आवाज ऐकावा. पायटा दाबतांच घरघर थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या आंतील बेअरिंगांत असण्याचा संभव मोठा. कारण पायटा दाबला कीं आंतील पुढचा शाफ्ट फिरावयाचा थांबतो. उलट, पायटा दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर अपराधी क्लचचें रिलीज बेअरिंग होय. तें गिअरबॉक्सच्या बाहेर असतें. गाडी धांवत असतांनाच केवळ आवाज येत असेल, तर मागील सांधे व आंसहि तपासावे. नंतर गिअरबॉक्समधील तेल स्वच्छ भांड्यांत काढावें. तेलांत धातूची बारीक भुकटी असणें ही झीज होय. दांतांचे तुकडे सांपडले तर मात्र मामला गंभीर समजावा. बेअरिंग झिजलें म्हणून अख्खा गिअरबॉक्स टाकणें म्हणजे दांत किडला म्हणून जबडा काढण्यासारखें आहे.

बदल करणेंच प्राप्त झालें, तर दुसरी पायरी ओळखीची. गाडीच्या सालावर विसंबूं नये. सत्तर वर्षांत कोणी कोणता गिअरबॉक्स बसविला असेल, हें कागदपत्रें सांगत नाहींत. तीन गिअरांच्या पेटीचा दांडा १९४८ पासून अर्ध्या टनाच्या ट्रकांत स्टिअरिंगच्या खांबावर आला. चार गिअरांच्या पेटीचा दांडा जमिनीवर असतो. १९४८ पासूनच्या चार गिअरांच्या पेटीस एसएम ४२० म्हणतात. १९६८ पासून तिची जागा एसएम ४६५ हिनें घेतली. पहिलीचा रिव्हर्स डाव्या टोकास, तर दुसरीचा उजव्या टोकास असतो.

दांडा बदललेला असूं शकतो. गणित मात्र फसवीत नाहीं. पेटी बाहेर काढलेली असल्यास ती पहिल्या गिअरमध्यें टाकावी, दोन्ही शाफ्टांवर खडूची खूण करावी आणि पुढचा शाफ्ट हातानें फिरवीत राहून मागचा पूर्ण दहा वेळां फिरेपर्यंत फेऱ्या मोजाव्या. एसएम ४२० चें पहिल्या गिअरचें प्रमाण ७.०५ असल्यानें फेऱ्या साडेसत्तर भरतील. एसएम ४६५ चें ६.५५ असल्यानें साडेपांसष्ट. आणि त्या काळच्या तीन गिअरांच्या पेटीचें २.९४ असल्यानें तिशीच्याहि आंत. एकाच फेरीवर मोजल्यास पहिल्या दोहोंत अर्ध्या फेरीचाच फरक पडतो व तो नजरेंतून निसटतो. दहा फेऱ्यांवर तो पांच होतो. घरांतील मुलांकडून हें मोजमाप करवून घ्यावें. त्रैराशिकाचा याहून चांगला पाठ शाळेंत मिळणार नाहीं. पेटीच्या अंगावरील ओतीव क्रमांकहि तारेच्या ब्रशानें घासून वाचावा. परंतु तो कवचाचा क्रमांक आहे, आंतील चक्रांचा नव्हे, हें विसरूं नये.

यानंतर संधींचा विचार. व्याकरणांत पूर्वपद व उत्तरपद पाहिल्यावांचून संधि होत नाहीं, तसेंच येथें. पुढच्या बाजूस पेटीची गोल कॉलर क्लचच्या घरांत तंतोतंत बसावी लागते. एसएम ४२० ची कॉलर सुमारें ४.६९ इंच व्यासाची. नंतरच्या कित्येक ट्रकांतील एसएम ४६५ ची ५.१२५ इंचांची. मोठी कॉलर लहान भोकांत जात नाहीं हें दिसतें तरी. लहान कॉलर मोठ्या भोकांत सैल बसते, शाफ्ट मध्य सोडतो व थोड्याच दिवसांत बेअरिंगें खातो, हें दिसत नाहीं. शाफ्टावरील खांचा क्लचप्लेटच्या खांचांशीं जुळतात कीं नाहीं, हेंहि मोजून पाहावें.

मागची संधि त्याहून महत्त्वाची, आणि आमच्या शिष्याचा बेत तेथेंच अडतो. १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोले ट्रकांत मागील चाकांकडे जाणारा शाफ्ट एका बंद नळींत फिरतो, व ती नळी गोल सांध्यानें गिअरबॉक्सच्या शेपटास जोडलेली असते. चाकांचा रेटा गाडीस पोंचविण्याचें कामहि तीच करते. पाऊण टनाच्या ३६०० मध्यें हा शाफ्ट उघडा असतो. तेव्हां त्याची पेटी ३१०० मध्यें आहे तशी लागणार नाहीं. ती लावण्याच्या हट्टापायीं मागचा आंसहि बदलावा लागेल, आणि वचन मोडेल तें निराळेंच. अर्ध्या टनाच्या ट्रकाचीच, बंद नळीच्या शेपटाची पेटी शोधावी. अथवा, दांत शाबूत असल्यास, आहे त्याच पेटींत नवीं बेअरिंगें घालावीं. आमचा कौल दुसऱ्या मार्गास आहे.

शेवटीं एक इशारा. ओतीव लोखंडाची ही पेटी एकट्याच्या हातांवर पेलणारी नव्हे. चाकांस अडणी लावाव्या, गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर ठेवावी आणि जोडीस माणूस असल्यावांचून गाडीखालीं जाऊं नये. चारांपैकीं दोन बोल्टांच्या जागीं बिनडोक्याचे लांब बोल्ट घालून पेटी त्यांवरून सरळ मागें सरकवावी. तिचा भार क्लचप्लेटवर लोंबकळला तर प्लेट वांकते व सर्व श्रम फुकट जातात. घाई करणाऱ्यानें या कामास हात न घालणेंच बरें. जुना ट्रक आणखी आठ दिवस अंगणांत उभा राहिल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. त्याच्याखालीं सांपडलेला हात मात्र कोणत्याहि गॅरेजांत बदलून मिळत नाहीं.