‘गुप्तरोग’ कशाला म्हणता?

दहिसरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळो न मिळो, वाचायला मजकूर मिळतो. डब्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या चिटोऱ्यांवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानगी’, ‘हमखास इलाज’ असे शब्द असतात आणि खाली फोनचा नंबर. शाळकरी पोरे ते वाचून एकमेकांना कोपरखळ्या देतात, मोठी माणसे मान फिरवतात. त्यांतलाच एखादा, गर्दी ओसरली की, तो नंबर हळूच टिपून घेतो. त्या बिचाऱ्याशी माझे भांडण नाही. त्या चिटोऱ्याखेरीज दुसरे दार ज्यांनी त्याला ठेवले नाही त्यांच्याशी आहे. म्हणजे, वाचकहो, तुमच्याआमच्याशीच.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे कुणी विचारील. दिवाळी अंक घरातली सारीच माणसे वाचतात, म्हणूनच!

पंचेचाळिशीच्या गृहस्थाला पूर्वी सहज येणारी ताठरता येईनाशी झाली की तो गप्प बसतो. बायको मनात भलतेच काही घेऊन बसते. दोघेही ‘वय झाले’ म्हणून विषय मिटवतात आणि शरीराने केलेली सूचना कचऱ्यात जाते. कारण ताठरता ही मुख्यत्वे रक्ताची करामत आहे. मज्जातंतूंचा इशारा मिळाला की नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. रक्तवाहिनीचे अस्तरही तो सोडते. वाहिनी सैलावते आणि रक्त भरते. रक्तवाहिन्यांतले या वायूचे काम उलगडल्याबद्दल १९९८ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह, रक्तदाब, विडी-सिगारेट आणि रक्तातली चरबी हे अस्तर खराब करतात, आणि ते एकाच जागी नव्हे, साऱ्या देहभर. आता मापे पाहा. शिश्नाची रोहिणी असते १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४ मिलिमीटरची. आधी कोणती तुंबेल हे सांगायला डॉक्टर कशाला, नळदुरुस्तीवालाही सांगेल! म्हणूनच पुष्कळ रोग्यांत ही तक्रार छातीतल्या कळेच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली आढळते. चिंता, काही औषधे, संप्रेरकांची कमतरता अशीही कारणे असतात, हे खरे. पण ती तपासणीनंतर ठरवायची, तपासणी टाळण्यासाठी नव्हे.

या दोन-पाच वर्षांत केवढे काम होण्यासारखे असते! साखर आणि दाब ताब्यात आणता येतात, सिगारेट सोडता येते, चरबी उतरवायची गोळी सुरू करता येते. ती वर्षे चूर्णे आणि लेहांत जातात. त्यांत एक भयंकर गंमत आहे. सिल्डेनाफिल हे ताठरतेचे प्रसिद्ध औषध मुळात हृदयशूळावर अजमावले जात होते. १९९८ साली अमेरिकेत ते या दुसऱ्याच कामासाठी मंजूर झाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची जी नायट्रेटची गोळी असते, तिच्याशी याची गाठ पडली तर रक्तदाब एकाएकी कोसळून माणूस दगावू शकतो. आणि ‘शुद्ध वनस्पतीजन्य’ म्हणून विकलेल्या मर्दानी चूर्णांत हेच औषध चोरून मिसळलेले अनेक देशांत सापडले आहे. म्हणजे हृदय आधीच खचलेले आणि पोटात काय गेले ते खाणाऱ्याला ठाऊक नाही!

अशा जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. ज्या रोगांवरच्या इलाजांची जाहिरात करू नये त्यांच्या यादीत हृदयरोग आणि नपुंसकत्व, दोन्ही आहेत. कायद्याने दोघांना एका पंगतीत बसवून कित्येक दशके झाली. आपण अजून त्यांची ओळख करून द्यायला लाजतो.

ही लाज जुनी आहे. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. लैंगिक प्रश्नांवर सरळ लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरी दंड झालाच. कर्व्यांना दंड करणाऱ्या कोर्टाला डब्यातली चिटोरी बघायला मिळायला हवी होती.

आणि डॉक्टरमंडळींना मी मोकळे सोडणार नाही. साखर विचारतात, झोप विचारतात, शौचाची तर वेळही विचारतात. हे मात्र विचारीत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१७ साली हृदयविकाराचा धोका मोजण्याच्या कोष्टकात ही तक्रार एक रकाना म्हणून घातली गेली. आमच्या केसपेपरवर असा रकाना छापायला किती शाई लागेल? रोग्याने तोंड उघडावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या पाठीमागे स्टुलावर बसलेली पुढची चार माणसे आधी बाहेर पाठवा.

डॉक्टर विचारीत नसतील तर घरच्या बाईने विचारावे. कुत्सितपणे नव्हे, गुडघा दुखतो का, हे जसे विचारतो तसे. आणि मग साखर, दाब नि कोलेस्टेरॉल तपासायला त्याला बरोबर घेऊन जावे. त्यासाठी दहिसरच्या माणसाला चर्चगेटची गाडी पकडावी लागत नाही. स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेवर पॅथॉलॉजीच्या पाट्या जागोजाग आहेत.