वृद्धांचा विमा आणि १० टक्के

ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा अथवा त्यांची योजनाच मागे घ्यावयाची, तर कंपन्यांनी आधी आपल्याशी विचारविनिमय करावा, असा दंडक विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये घातला, हे योग्यच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के करही उठला.

परंतु दरसाल १० टक्के ही वाढ तरी लहान आहे काय? ३० हजारांचा हप्ता अशा आठ वाढींनंतर ६४ हजारांच्या वर जातो. आमच्या नवी पेठेतील एखाद्या दुकानात हिशेबनीस म्हणून हयात घालविलेल्या गृहस्थाचे उत्पन्न मात्र ठेवींच्या व्याजाचे. ते वाढत नाही, घटलेच तर घटते. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनास तर महागाई भत्ताच नाही! मग एके वर्षी तो हप्ता भरीत नाही. कंपनीने त्याला काढले नाही, तोच ‘स्वेच्छेने’ गेला, अशी नोंद होते. ही स्वेच्छा कसली?

शिवाय जाते ते केवळ त्या वर्षाचे संरक्षण नव्हे. वार्षिक हप्त्याची ३० दिवसांची सवलतीची मुदत टळली, की जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ व्यर्थ जातो. नव्या विम्यात तो तीन वर्षांपर्यंत पुन्हा कंठावा लागतो, आणि सत्तरीच्या मधुमेही माणसास नवा विमा मिळेलच याचीही शाश्वती नाही. म्हणून हप्ता पेलत नसेल त्यांनी विमा सोडण्यापूर्वी विम्याची रक्कम कमी करून मागावी. कंपनी बदलावयाची असल्यास नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी अर्ज करावा. जुना विमा खंडित न होता बदल झाला, तर पुरा केलेला प्रतीक्षाकाळ जुन्या रकमेपुरता गणला जातो. दुसरी कंपनी नकार देऊ शकते, हे ध्यानात ठेवून तोवर जुना विमा मोडू नये.

सत्तरीपुढील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. खाजगी विमा असला तरी ते मिळते. ज्यांनी कार्ड काढले नाही त्यांनी ते विनाविलंब काढावे. मात्र त्याचा उपयोग योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच, आणि तेथे दाखल झाल्यावरच. रोजच्या औषधांचा खर्च घरचाच राहतो.

तेव्हा प्राधिकरणास आमचे सांगणे असे की, एका वर्षाच्या वाढीवर पहारा ठेवून भागणार नाही. साठीनंतर दहा वर्षांत हप्ता एकंदर किती चढावा, यासही सीमा घालावी. आणि दरवर्षी किती वृद्धांनी विमा सोडला, त्यांचा आकडा प्रत्येक कंपनीस वयोगटवार जाहीर करावयास लावावा.