जुन्या मोटरहोमचा कॉम्प्रेसर बदलण्याआधी तपासणीचे पैसे घ्या



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की गाड्यांच्या एसीचं काम येणाऱ्या मुलांना वसई-विरारमध्ये अजून भरपूर वाव आहे, आणि बोलता बोलता जुन्या मोटरहोमचा विषय काढला होता. लगेच काही जणांनी विचारलं, "सर, आपल्याकडे मोटरहोम आहेतच कुठे?" आहेत. फक्त त्या अमेरिकन सिनेमात दिसतात तशा दिसत नाहीत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मॅटाडोर घेऊन, मागच्या सीट काढून, बेड, बेसिन आणि शेगडी बसवून डहाणू, केळवे, नाहीतर थेट तळकोकण गाठत आलेत. नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट लागतात, तिथल्या व्हॅनिटी व्हॅन वेगळ्याच.

'व्हिंटेज' हा शब्द मात्र जपून वापरा. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडीच व्हिंटेज ठरते, आणि तशी नोंदणी केली की ती भाड्याने फिरवता येत नाही. तुमच्या गाळ्यात येणारी पंचवीस-तीस वर्षांची गाडी कागदावर नुसती जुनी गाडी आहे. आजचा विषय अशाच गाडीचा, तिच्या इंजिनवर चालणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर बदलण्याचा आहे.

माझं दुकान स्पेअर पार्टचं आहे, म्हणून मी हे काउंटरच्या या बाजूने बघतो. दर उन्हाळ्यात एक दृश्य ठरलेलं. एखादा तरुण मेकॅनिक महिनाभरापूर्वी नेलेला कॉम्प्रेसर कापडात गुंडाळून परत आणतो. जाम झालेला. "दादा, वॉरंटीत बदलून द्या ना, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय." मी विचारतो, लाइन फ्लश केली होती? ड्रायर नवीन टाकला होता? त्याचं बिल आहे? मुलगा गप्प. कंपनी वॉरंटी नाकारते, आणि तिची बाजू चुकीची नसते. जुना कॉम्प्रेसर आतून फुटतो तेव्हा त्याचा बारीक धातूचा चुरा तेलाबरोबर पाइप, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सगळीकडे जातो. नवीन कॉम्प्रेसर लावला की तोच चुरा त्याला खातो. मुलाचे नऊ-दहा हजार गेले, मजुरी गेली, गिऱ्हाईक गेलं. नवीन गॅरेजला असा एक उन्हाळा पुरतो.

हा मुलगा कामात कच्चा असतो असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याला फ्लशिंग येतं. त्याने ते केलं नाही, कारण गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं होतं, "कॉम्प्रेसर नऊ हजार, फिटिंग दोन हजार, अकरा हजारात करून देतो." त्या अकरा हजारांत फ्लशिंगला जागाच नव्हती. काम बिघडलं ते दर सांगताना. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुन्या मोटरहोमला आधी तपासणीचे वेगळे पैसे घ्या, लेखी द्या, आणि मगच कॉम्प्रेसर हा शब्द तोंडातून काढा.

आता तपासणीत काय करायचं? पहिला प्रश्न साधा आहे, पण निम्मे लोक विचारत नाहीत: "कुठला एसी?" मोटरहोममध्ये दोन वेगळे एसी असू शकतात. एक इंजिनच्या बेल्टवर चालणारा, गाडी चालताना थंड करणारा. दुसरा छतावरचा किंवा भिंतीतला, जनरेटरवर किंवा बाहेरच्या विजेवर चालणारा. मालक म्हणतो, "एसी चालत नाही," आणि तुम्ही बॉनेट उघडून बसता. आधी विचारा.

मग क्लच. एसी चालू केल्यावर क्लच ओढतो का? नसेल तर कॉम्प्रेसरला दोष देऊ नका, कॉइलपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का ते मीटरने बघा. आपल्याकडे खारं वारं आहे. अर्नाळा, राजोडी, भुईगाव भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची अर्थिंगची वायर गंजून हिरवी पडते, आणि कॉम्प्रेसर धडधाकट असूनही क्लच ओढत नाही. रिले, फ्यूज, प्रेशर स्विच हेही तपासा. गॅस गळून प्रेशर उतरलं की स्विच मुद्दाम क्लच बंद ठेवतो. ते कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठीच असतं. अशा वेळी थेट वायर जोडून क्लच ओढायला लावणारे महाभाग आहेत. तसं करू नका. कधी कधी क्लचच्या दोन चकत्यांमधली फट झिजून वाढलेली असते. थंड असताना क्लच पकडतो, गरम झाला की सोडतो. मालकाची तक्रार असते, "विरार फाट्यापर्यंत गार हवा येते, पुढे बंद." पातळ शिम काढून किंवा क्लच बदलून हे सुटतं. तिथे कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाला लुबाडणं.

क्लच ओढतोय, इंजिन चालू आहे, तरी गेजवर लो साइड आणि हाय साइड जवळजवळ सारखं प्रेशर दाखवतायत, तेव्हा कॉम्प्रेसर ढकलत नाही असं म्हणायला आधार आहे. शिवाय थोडं तेल पांढऱ्या कापडावर घ्या. काळं, चमचमणारं तेल दिसलं तर चुरा लाइनमध्ये गेलेला आहे. हे सगळं करायला तास-दीड तास लागतो. त्याचे हजार रुपये घ्या. काम आपल्याकडे दिलं तर बिलातून वजा करू का, असं मला विचारतात. मी म्हणतो, नका करू. डॉक्टर ऑपरेशनच्या बिलातून तपासणीची फी वजा करतो का?

जुन्या मोटरहोमची खरी डोकेदुखी पुढे आहे. त्या काळच्या बहुतेक मॅटाडोरना कंपनीचा एसी नव्हता. नंतर कोणीतरी बाहेरून बसवला, ब्रॅकेट कुठल्या तरी गाळ्यात वेल्डिंग करून बनवला, कूलिंग कॉइल एका गाडीची, कंडेन्सर दुसऱ्या गाडीचा. त्यामुळे गाडीचं नाव आणि वर्ष सांगून पार्ट मागायला माझ्या काउंटरवर येऊ नका, मी देऊ शकणार नाही. जुना कॉम्प्रेसर काढा, त्याची प्लेट वाचा, पुलीचे खाचे मोजा, व्ही बेल्ट आहे की अनेक बारीक खाचांचा पट्टा ते बघा, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि पाइप कुठल्या बाजूने येतात ते लिहून घ्या. फोटो काढा. पुली बाकीच्या पुल्यांच्या रेषेत बसली नाही तर बेल्ट आठवड्यात फाटतो. ब्रॅकेट नवीन बनवायचा असेल तर वालीव, सातिवलीचे लेथवाले आहेतच. त्यांची मजुरी तुमच्या कोटेशनमध्ये आधीच धरा.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात एक मोटरहोम बनवली होती, जेमतेम तेरा हजारांच्या आसपास. ती बंद होऊन साडेचार दशकं झाली, तरी तिच्या सुट्या भागांवर छोटे धंदे चालतात. तिचा मूळ एसी कॉम्प्रेसर चांगलाच जड होता. आता त्या जागी हलका, सँडेनसारखा कॉम्प्रेसर बसवायला तयार ब्रॅकेटचे किट विकले जातात. ही कल्पना आपल्या गाळ्यांना अवघड नाही. तुम्ही एकदा मॅटाडोरचा ब्रॅकेट नीट बनवला तर त्याचं माप जपून ठेवा, दुसरी मॅटाडोर आली की निम्मा वेळ वाचेल.

गॅसबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. फार जुन्या सिस्टीममध्ये आर-१२ गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार बंद झाला, आणि भारतात त्या जातीच्या गॅसचं उत्पादन २००८ मध्येच थांबलं. आज कोणी 'आर-१२ आहे' म्हणून सिलिंडर देत असेल तर त्यात काय आहे ते देवाला ठाऊक. अशी सिस्टीम आर-१३४ए वर न्यायची तर फक्त गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल तेल काढावं लागतं, कॉम्प्रेसर बनवणाऱ्याने सांगितलेलं तेल टाकावं लागतं, ओरिंग आणि ड्रायर नवीन लागतात, जुने रबरी पाइप नवा गॅस धरत नाहीत तेही बदलावे लागतात. गॅस मूळ वजनापेक्षा थोडा कमीच लागतो. बारीक नळ्यांचा नव्या पद्धतीचा कंडेन्सर असेल आणि चुरा आत गेला असेल तर तो फ्लश होत नाही, बदलावाच लागतो.

काही जण स्वस्तात पडतो म्हणून एलपीजीच्या जातीचा गॅस भरतात. चालतो, थंडही करतो. पण ही गाडी घर आहे. तिच्यात शेगडी पेटते, मुलं झोपतात. कूलिंग कॉइलमधून तो गॅस आत गळला तर काय होईल याचा विचार करा. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी हे काम घेऊ नका. 'गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणू नये' असं अनेक ट्रेनर सांगतात. मला ते पटत नाही. अशा ठिकाणी नाही म्हणता आलं पाहिजे.

आता पैशाचं बोलू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. गाळ्याचं भाडं २५ हजार, दोन मुलांचे पगार ३६ हजार, वीज ६ हजार, हत्यारांच्या कर्जाचा हप्ता ८ हजार, आणि तुमचा स्वतःचा पगार ३० हजार. हो, स्वतःचा पगार धरायचाच, तो 'उरलं तर' या खात्यात टाकू नका. बेरीज १ लाख ५ हजार. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास गाळा उघडा, पण त्यातले निम्मेच तास गिऱ्हाइकाच्या बिलावर चढतात. बाकीचे पार्ट आणायला, फोनवर आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे बिलावर चढणारा एक तास तुम्हाला साधारण १ हजाराला पडतो.

मोटरहोमचं काम बघा. कॉम्प्रेसर ९ हजार, ड्रायर ८००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,२००, तेल, ओरिंग आणि फ्लशिंगचं सामान ९००, गॅस १,२००, ब्रॅकेट १,५००. झाले १४,६००. काढणं, फ्लश करणं, बसवणं, व्हॅक्यूमवर किमान अर्धा-पाऊण तास ठेवणं, मग पंप बंद करून काटा उतरतो का ते बघणं, वजनावर गॅस भरणं, आणि गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उभी ठेवून खरोखर थंड होते का ते तपासणं, यात सहज ९ तास जातात. म्हणजे ९ हजार. एकूण २३,६००, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. अकरा हजारवाल्याने काय काय गाळलं असेल ते आता तुम्हीच मोजा.

जाता जाता जीएसटीचं. तुम्ही पार्टही विकता आणि मजुरीही घेता, म्हणून नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. ४० लाखांचा आकडा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मोठी मोटरहोमची कामं घ्यायला लागलात की तो आकडा लवकर गाठला जातो, सीएला आधीच विचारा.

"सर, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाईल." काही जण जातील. जुनी मोटरहोम ठेवणारा माणूस मात्र गाडीच्या प्रेमात असतो. त्याला दोनदा फसल्याचा अनुभव असतो आणि तो त्याच छंदाच्या चार जणांना ओळखतो. त्याला लेखी कागद, जुना कॉम्प्रेसर परत हातात, ड्रायरचं बिल, आणि 'लांब पाइपची गाडी आहे, इतकं तेल आणि इतक्या वजनाचा गॅस भरला' अशी नोंद द्या. गाडीला कंपनीचं स्टिकर नसतं, तुम्ही तुमचं लावा. पुढच्या वेळी तो डहाणूहून निघताना तुम्हालाच फोन करेल. जो अकरा हजारांसाठीच आला होता, तो जाऊ द्या.

आणि एक, नवीन कॉम्प्रेसर बसवल्यावर लगेच एसी सुरू करू नका. क्लचची चकती हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे आत साचलेलं तेल पसरतं. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत.

तपासणीच्या कागदाचा नमुना मी पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो: क्लचचे व्होल्ट, दोन्ही बाजूंचं प्रेशर, तेलाचा रंग, पुलीचं माप, कुठला गॅस. गेज सेट असेल तर जवळ घेऊन बसा. नसेल तर आधी गेज, व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजायचा वजनकाटा घ्या. बोर्ड नंतर रंगवा.